केरबाची जखीण

"निघाली! जखीण निघाली!" पलूसच्या माळावर जमलेला गाव एकदम ओरडला. केरबा देवऋषीनं विजयमालाच्या हळद फासलेल्या पायांवर तांब्यातलं 'मंतरलेलं' पाणी ओतलं आणि बघता बघता पाय लालभडक झाले. बायांनी हात जोडले. केरबा घुमत गर्जला, "ह्ये तिचंच रगात! नवऱ्याला जवळ येऊ देत न्हवती. आता पळाली बगा, चपला टाकून!" जखिणीच्या चपला कुणी पाहिल्या होत्या कोण जाणे!

विजयमालाला नुसता संताप आला होता. बाळंतपणापासून नवरा जवळ आला की तिला आत चिरल्यासारखं दुखायचं. तालुक्याच्या डॉक्टरला तिनं लाज गिळून सांगितलं, तर तो हसला. "होईल सवय," म्हणून न तपासताच टॉनिकची बाटली दिली.

जखीण गेली, पण दुखणं जागचं हललं नाही. सासू लीलाबाई कडाडली, "आता दुसरी बायकू करायची." पलटणीतून रजेवर आलेला हंबीरराव मात्र म्हणाला, "आये, आमच्यात पायाला फोड आला तरी बूट काढून बगत्यात. हिला कुणी बगितलंय का?" आणि त्यानं सासूसुनेला एष्टीनं सांगलीला नेलं.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कुठं दुखतं? कधीपासून?" विजयमालाला रडूच फुटलं. आजवर हे कुणी विचारलंच नव्हतं. टॉनिकची बाटली, केरबाचं पाणी, लाल झालेले पाय, सगळं तिनं सांगून टाकलं. बाईंनी तपासलं. "बाळंतपणातली जखम भरलेली नाही, पू झालाय. औषधानं बरी होईल. तोवर नवऱ्यानं लांब राहायचं."

"आन् जखिणीचं रगात?" लीलाबाईनं विचारलं.

बाईंनी दवाखान्यामागच्या आपल्या घरातून चिमूटभर हळद आणवली, ओली करून लीलाबाईच्या तळहातावर चोळली आणि तिच्याच पानाच्या चंचीतला चुना वर लावला. तळहात लाल झाला. हळदीच्या मुलखातल्या बाया, पण मंत्र ऐकला आणि अक्कल गहाण पडली!

"केरबानं तांब्यात चुना कालवला होता," बाई चिडून म्हणाल्या. "त्यानं न बघता पाणी ओतलं, त्या डॉक्टरनं न बघता बाटली दिली. दोघे सारखेच. बाई दुखतंय म्हणाली तर आधी तिचं खरं माना, मग तपासून घ्या."

लीलाबाईनं लाल तळहात पदराला पुसला. "मलाबी दुखायचं," ती हळूच म्हणाली. "आजूनबी दुखतं. बाईच्या जातीला दुखायचंच, म्हनून गप बसले." मग सुनेकडं न बघता म्हणाली, "माला, तू जरा भायेर बस. मलाबी दाखवायचंय."