पायथ्याचं अळू

रंगू गेली तेव्हा दहाव्याला भीमेच्या घाटावर कावळा शिवेना. कावळे भरपूर होते. झाडावर बसून नुसते बघत होते. जवळची माणसं एकेक कबूल करत गेली. पोरगी सुषमा म्हणाली, "आये, आबांना मी एकटं टाकायची न्हाई." जावई म्हणाले, गाय विकू देणार नाही. काही होईना. ऊन चढलं. शेवटी मी म्हणालो, "रंगू, तुझं अळू मी राखीन." आणि कावळा खाली उतरला.

मागं उभा असलेला वस्तीवरचा कोंडिबा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बघा, नवऱ्यापरीस अळूवर जीव!"

त्या दिवशी लोक हसले ते तेवढंच.

हे अळू आमच्या वस्तीच्या वर, पाझर तलावाच्या बांधाला लागून होतं. राहू गावाच्या या अंगाला पाऊस बेताचा. बहात्तरच्या दुष्काळात लोकांनी माती वाहून तो बांध घातला. रंगूनंही त्यावर पाट्या टाकल्या होत्या. तेव्हा आमचं लग्न व्हायचं होतं. तलावात पाणी साठायचं, जमिनीत मुरायचं आणि खालच्या विहिरींना यायचं. बांधाच्या पायथ्याला एक जागा कायम ओली असायची. तिथं तिनं माहेराहून आणलेले अळूचे कांदे लावले. ते अळू घशाला खाजत नसे. वस्तीवर कुणाच्याही घरी कार्य असलं की पानं तिथूनच जायची.

ती गेल्यावर मी रोज सकाळी तिथं जायला लागलो. पिवळी पानं काढायची, शेळ्या शिरू नयेत म्हणून काटे नीट लावायचे. काम फार नव्हतं. पण घरात बसवत नव्हतं.

वर्षश्राद्ध भाद्रपदात होतं. साल दोन हजार सहा. त्या साली तलाव काठोकाठ भरला आणि सांडव्यावरून पाणी पडायला लागलं. कित्येक वर्षांनी हे दिसलं म्हणून बायका ओटी घेऊन आल्या. त्याच आठवड्यात बांधाच्या दुसऱ्या टोकाला, बाभळीजवळ, खालच्या बाजूनं करंगळीएवढी धार सुटली.

उसाच्या पाटाला उंदराचं बीळ पडलं की आम्ही बाहेरून चिखल कोंबतो आणि पायानं दाबतो. इथंही तेच केलं. कोंडिबानं ट्रॉलीभर काळी माती आणली. सगळ्यांनी टोपली घेतली, मीही घेतली. धार बंद झाली. "सरकारला म्हैना लागला असता," कोंडिबा म्हणाला.

मग तालुक्याहून तलाव तपासायला एक मॅडम आल्या. आडनाव धायगुडे. पायात गमबूट, हातात काठी. बांधावरून चालत गेल्या, भेगा बघितल्या, घुशींच्या बिळात काठी घातली. बाभळीपाशी येऊन थांबल्या.

"हे कुणी बुजवलं?"

"आमीच," कोंडिबा म्हणाला. "का, नीट न्हाई झालं?"

"फार नीट झालंय. तेच वाईट."

"आता घ्या! गळती बंद केली तर उलट आमालाच बोलणी."

"मामा, सर्दी झाली की नाकात बोळे कोंबता का?"

"मग काय वाहू देता?"

"वाहू द्यायचं आणि पुसत राहायचं."

सगळे हसले. मॅडमनी मग नीट सांगितलं. तलावाचं पाणी आतून सारखं रेटत असतं. बाहेरचं तोंड बंद केलं की ते दुसरीकडं वाट काढतं. म्हणून तोंडावर वाळू, मग बारीक खडी, मग मोठी खडी टाकायची. पाण्याला जाऊ द्यायचं, माती तेवढी अडवायची. त्यांनी पिशवीतून पाण्याची रिकामी बाटली काढली. "पाझर स्वच्छ असला तर घाबरायचं कारण नाही. गढूळ आला म्हणजे बांध आतून वाहून चाललाय."

बाभळीजवळची माती उकरून वाळू-खडी टाकायला लावून त्या पायथ्यानं चालत निघाल्या आणि अळूपाशी आल्या.

"हे कुणाचं?"

"मालकिणीचं," मी म्हणालो.

"त्यांना बोलवा जरा."

कोंडिबा माझ्याकडं बघायला लागला. मग मीच म्हणालो, "पुढच्या आठवड्यात वरीस हुईल."

त्यांनी काठीनं एक पान वर उचलून खाली बघितलं. "आबा, हे काढावं लागेल. एवढ्या गच्च पानांखाली काय चाललंय ते दिसत नाही."

"हितं कायमच वल असते. तिच्या हयातीपासनं."

"असेल. पण तलाव एवढा भरलेला नव्हता ना."

कोंडिबा मधे पडला. "मॅडम, घाटावर कबूल केलंय त्यानं. कावळा साक्षीला हाय."

त्यांनी कडेच्या पाण्यानं बाटली भरली आणि उन्हात धरली. पाणी स्वच्छ होतं. "बरं. श्राद्ध होऊ द्या, मग काढू. पण तोवर आबांनी रोज आत शिरून बघायचं. कडेनं नाही. गढूळ दिसलं की लगेच फोन." बाटली माझ्या हातात दिली आणि नंबर कोंडिबाच्या मोबाइलमध्ये टाकला.

श्राद्धाच्या आदल्या दिवशी तळेगावाहून सुषमा आली. तिनं चूल पेटवायच्या आत मी पानं आणायला गेलो. वड्यांसाठी मोठी, काळ्या देठाची पानं निवडून टोपलीत लावली. मग पानं बाजूला सारत मधे शिरलो.

मधोमध मुंग्यांच्या वारुळासारखं मातीचं कडं झालं होतं. त्याच्या तोंडातून पाणी उकळल्यासारखं वर येत होतं, आणि पाण्याबरोबर माती. बाटली भरली. आतलं पाणी चहासारखं दिसलं.

मी तिथंच बसलो. आत दुसरं कुणी येत नव्हतं. उद्या दुपारी नैवेद्य झाला की सांगता आलं असतं. एका दिवसात काय होणार, असं मनात आलं. इतकी वर्षं उभा आहे बांध. तिला तेवढं एक कबूल केलं होतं, आणि तेवढंच माझ्या हातात होतं.

बसल्या जागेवरून खाली वस्ती दिसत होती. कोंडिबाच्या घरापुढं नातवंडांचे शाळेचे कपडे वाळत होते. कुणीतरी रेडिओ लावला होता.

मी उभा राहून कोंडिबाला हाक मारली.

दुपारपर्यंत मॅडम माणसं आणि वाळूचे टेम्पो घेऊन आल्या. आल्या आल्या सांडव्याची कड थोडी फोडून तलावाचं पाणी उतरवायला लावलं. वस्तीतली म्हातारी माणसं आणि पोरं देवळाकडं उंचावर पाठवली. उकळीवर वाळूची पोती रिकामी केली. मग म्हणाल्या, "आता भोवतीचं सगळं निघालं पाहिजे. खडी थेट मातीवर बसायला हवी. कुदळ लावायची नाही, हातानं."

माणसं उभी होती. अळूला कुणी हात लावेना.

"हरिबा, मला सांगू नगं," कोंडिबा म्हणाला. "माझ्यानं व्हायचं न्हाई."

"मग सर बाजूला. का उगं सावली करतोस?" मी म्हणालो.

मी वाकलो आणि पहिला गड्डा उपटला. ओल्या मातीतून तो सहज आला. मग पुढचा. थोड्या वेळानं कोंडिबाही शेजारी येऊन वाकला. चिकानं दोघांचे हात कोपरापर्यंत खाजायला लागले. पानांची टोपली कुणाच्या तरी पायाखाली गेली. दिवस मावळायच्या आत दगडांचा शेवटचा थर बसला आणि त्यातून पाणी यायला लागलं. मॅडमनी बाटली भरून बघितली आणि मलाही दाखवली. पाणी स्वच्छ होतं.

वर्षश्राद्धाला कोंडिबानं बाजारातून अळू आणलं. सुषमानं चिंच बरीच घातली, तरी वड्या घशाला खाजल्या. लोकांनी पाणी पीत पीत खाल्ल्या. पत्र्यावर नैवेद्य ठेवला. कावळा आला, पत्र्याच्या कडेवर बसला, उडून गेला. पुन्हा आला नाही.

"आबा, कायतरी बोला की," सुषमा म्हणाली.

आता काय कबूल करणार? संध्याकाळी नैवेद्य गाईला घातला.

उपटलेल्यातले चांगले कांदे मी घरी आणून न्हाणीमागं लावले. पायथ्याला आता काही लावायचं नाही, असं मॅडमनी सांगितलं होतं. न्हाणीमागं थोडी पानं आली. तलाव उतरवलेला, त्यामुळं विहिरी लवकर आटल्या; चैत्रात टँकरच्या पाण्यावर ती जगली नाहीत.

पायथ्याला मी अजून जातो. काटे लावायचं काम राहिलं नाही. तलावात पाणी असलं की दगडांतून पाझर येतो. बाटली धरतो, भरली की उन्हाकडं करतो आणि गाळ खाली बसतो का ते बघत उभा राहतो. तळाला काहीच बसत नाही. मग पाणी ओतून घरी येतो.