आवाज बैठकीपर्यंत

“खोकला आला की लगेच सांगायचं. छाती आवळल्यासारखी वाटली, तरी सांगायचं. कळलं ना, शामलाबाई?”

डॉक्टर चारुशीला घाटे यांनी हे पुन्हा एकदा विचारले, आणि शामलाने पुन्हा एकदा मान हलवली. खाटेच्या कडेवर पाय सोडून, समोरच्या मेजावरील उशीवर दोन्ही हात टेकून ती पुढे वाकून बसली होती. पाठ उघडी होती. डाव्या बरगड्यांमधली जागा बधिर करून झाली होती. स्तनाच्या गाठीची शस्त्रक्रिया होऊन दोन वर्षे लोटल्यावर त्याच आजाराने आता डाव्या फुप्फुसाभोवती पाणी साठवले होते. होळीपासून तिला आडवे होता आले नव्हते. भिंतीला टेकून बसल्या बसल्या जी काय डुलकी लागेल, तीच तिची झोप.

पडद्याच्या आत नातेवाइकांना बसू देत नसत. यमुताई मात्र बसल्या होत्या. त्या शामलाच्या सासूबाई. त्यांना ‘बाहेर जा’ म्हणण्याची सवय महाल भागातल्या त्यांच्या घरात कोणाला नव्हती, आणि नागपूरच्या या सरकारी इस्पितळातही अजून कोणी ती लावून घेतली नव्हती. शामलाचा चेहरा दिसेल अशा बेताने त्या स्टुलावर ताठ बसल्या होत्या.

सुई आत गेली. पिवळट, किंचित तांबूस पाणी नळीतून बाटलीत उतरू लागले. वॉर्डाच्या सिस्टर इंदूबाई रोज कामठीहून येत. त्यांनी शामलाची नाडी धरली होती. बाटली भरत चालली आणि शामलाच्या गळ्याची शीर ताठ झाली. तिने पदराचा शेव दातांत धरला. खांदे एकदाच हिसकले आणि पुन्हा जागच्या जागी आले.

“काही होतंय का?” पाठीमागून डॉक्टरांनी विचारले. त्यांना चेहरा दिसत नव्हता.

शामलाने नकारार्थी मान हलवली.

यमुताईंना चेहरा दिसत होता. सून खोकला गिळते आहे, हे त्यांना कळले. आणि खरे सांगायचे तर त्या क्षणी त्यांना समाधान वाटले. शामला या घरात नवी होती तेव्हा एकदा चुलीच्या धुराने तिला खोकल्याची उबळ आली होती. बाहेर बैठकीत सासरे पाहुण्यांशी बोलत होते. तेव्हा यमुताईंनी तिला सांगितले होते, सुनेचा आवाज बैठकीत ऐकू येत नसतो. हे त्यांना दुसऱ्यांदा सांगावे लागले नाही. त्यांच्या मुलाची, श्रीधरची, दोन्ही मुले घरातच जन्मली, तेव्हा बैठकीतल्या माणसांना बाळाचे रडणेच पहिल्यांदा ऐकू आले. ही गोष्ट यमुताई चारचौघींत अभिमानाने सांगत असत.

“मॅडम, थांबा,” इंदूबाई म्हणाल्या. “नाडी भलतीच पळून राहिली. नखं पाहा यांची.”

डॉक्टरांनी सुई काढली तोच शामला उशीवर कलंडली. पदर तोंडातून सुटला आणि इतका वेळ कोंडलेला खोकला फुटला. तो थांबेना. ओठांवर गुलाबी फेस आला. कोणीतरी प्राणवायूचे नळकांडे ओढत आणले, कोणीतरी यमुताईंचे स्टूल बाजूला सारले. स्टूल हलवताना कोणी त्यांची परवानगी विचारली नाही.

संध्याकाळी श्वास ताळ्यावर आला. मग डॉक्टरांनी यमुताईंना आणि श्रीधरला व्हरांड्यात बोलावले. वाळ्याच्या ताट्यांवर नुकतेच पाणी मारले होते, तरी भिंती भट्टीसारख्या तापलेल्या होत्या.

डॉक्टरांनी आवाज चढवला नाही. दबून राहिलेले फुप्फुस पाणी निघाले की उघडते, ते फार घाईने उघडू लागले तर खोकला येतो, आणि तो आला की आम्ही थांबतो, एवढे त्यांनी समजावून सांगितले. आत काय चालले आहे हे कळायला दुसरी खूण नसते. पाणी पुन्हा भरणार होतेच. या खेपेला सुईऐवजी नळी घालून ते सावकाश काढायचे, आणि फुप्फुस पुरते उघडले की त्याच नळीतून औषध सोडायचे, असा त्यांचा विचार होता. त्या औषधाने फुप्फुसाचे आवरण आणि छातीचे अस्तर एकमेकांना चिकटते. मग पाण्याला जागाच राहत नाही. औषध आगीसारखे झोंबते.

“पण पेशंट बोलणार नसेल, तर मी नळी घालणार नाही,” त्या म्हणाल्या. “आज त्या माझ्या हातात गेल्या असत्या.”

“आणि नाही घातली तर?” श्रीधरने विचारले.

डॉक्टरांनी त्याच्याकडे नुसते पाहिले. तो अकाउंटंट जनरलच्या कचेरीत मोठा हुद्दा सांभाळणारा माणूस. त्याने मान खाली घातली.

“सून बोलेल,” यमुताई म्हणाल्या. “मी सांगते तिला.”

“आजी, रागवू नका,” इंदूबाई हलकेच म्हणाल्या, “पण तुमच्यापुढंच तर त्या बोलून नाही राहिल्या.”

 यमुताई सरळ शामलाच्या खाटेशी गेल्या आणि त्यांनी स्पष्ट शब्दांत सांगितले की डॉक्टरांसमोर खोकायचे, दुखले तर ओरडायचे, लाज धरायची नाही.

“हो, आई,” शामला म्हणाली. हे शब्द खाटेच्या कठड्यापलीकडे गेले नसतील.

“आता खोकून दाखव.”

शामलाने पदर तोंडाशी नेला आणि मांजराचे पिल्लू शिंकावे तेवढा आवाज केला. शेजारच्या खाटेवर कुहीकडची मीराबाई पडून होती. तिला आपले हसू आवरले नाही.

“पाहा वं बाई नशीब! तुही सासू तुले खोकायले सांगून राहिली. माही असती तर म्हणाली असती, श्वास काहून घेतला मले न विचारता?”

बायका हसल्या. शामलाही हसली, पदराआड. यमुताई हसल्या नाहीत. आज्ञा पाळली जात नव्हती असे नव्हे. एक आज्ञा शामला इतकी वर्षे पाळत आली होती, की तिच्यावर दुसरी बसत नव्हती.

पाणी पुन्हा भरले. शामलाला दोन शब्दांमध्ये दम घ्यावा लागू लागला. नळी घालायच्या सकाळी डॉक्टर आल्या तेव्हा यमुताई पडद्याच्या आतच उभ्या होत्या. डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली; परंतु त्या काही बोलण्याआधी यमुताई सुनेकडे वळल्या. त्यांनी तिच्या खांद्यावरचा पदर स्वतःच्या हाताने काढून कमरेशी घट्ट खोचला, जेणेकरून तो तोंडापर्यंत पोचू नये.

“मी बाहेर बाकावर बसते आहे, शामला. तुझा आवाज मला तिथं ऐकू आला पाहिजे. नाही आला, तर या घरात आल्यापासून पहिल्यांदा तू माझं ऐकलं नाहीस, असं मी समजेन.”

आणि त्या बाहेर गेल्या.

बाकावर श्रीधर बसला होता. यमुताई त्याच्या शेजारी बसल्या आणि त्यांनी हात मांडीवर ठेवले. आतून भांड्यांचे आवाज आले, डॉक्टरांच्या सूचना आल्या, इंदूबाईंचे “लंबा श्वास घ्या” आले. शामलाचे काहीच आले नाही. नळी आत गेली असावी. बाटलीत बुडबुडल्याचा आवाज येऊ लागला. श्रीधर उठला.

“बस,” यमुताई म्हणाल्या.

“आई, ती पुन्हा गिळत असेल. मी आत जाऊन—”

“तू गेलास की ती नक्कीच गिळेल. बस.”

तो बसला. यमुताईंच्या हातांची बोटे एकमेकांत इतकी रुतली होती, की पाटल्या मनगटात टोचत होत्या. बुडबुडे चालूच होते. त्यांनी पडद्याकडे पाहिले नाही. समोरच्या भिंतीकडे पाहत त्या कान देऊन बसल्या.

मग खोकला आला. आधी गळ्यात अडकलेला, चाचपडत आलेला. मग दुसरा, मोकळा. मग ओळीने येणारे, फाटके, ओबडधोबड, व्हरांडाभर घुमणारे. “थांबा, चिमटा लावा,” असे डॉक्टर म्हणाल्या, आणि बुडबुडे थांबले.

श्रीधरने तोंड ओंजळीत लपवले. यमुताईंनी त्याच्याकडे पाहिले नाही.

छातीच्या फोटोत फुप्फुस उघडल्याचे दिसले, तेव्हा औषध सोडले गेले. त्या दिवशीही यमुताई त्याच बाकावर होत्या. औषध सगळीकडे पोचावे म्हणून इंदूबाई शामलाला एका कुशीवरून पाठीवर, पाठीवरून दुसऱ्या कुशीवर वळवीत होत्या, आणि प्रत्येक वळणाला शामला ओरडत होती. रामटेकहून कोणाला तरी भेटायला आलेले नत्थूजी नावाचे एक गृहस्थ पलीकडे पान लावीत बसले होते. त्यांनी जिभेचा आवाज केला.

“कोणाच्या घरची बाई आहे जी? जराही धीर नाही. सारा दवाखाना डोक्यावर घेऊन राहिली.”

यमुताई उठून उभ्या राहिल्या.

“माझ्या घरची आहे,” त्या म्हणाल्या. “माझी सून आहे. मी सांगितलं आहे तिला.”

नत्थूजींनी पान तोंडात घातले आणि ते दुसऱ्या बाकावर जाऊन बसले.

त्या आठवड्यात शामला आडवी झोपली. इंदूबाईंनी पाठीमागची वळकटी काढून नेली, तेव्हा तिने चाचपडून पाहिले आणि पुन्हा डोळे मिटले. पाणी परत आले नाही. आजार मात्र दुसऱ्या वाटेने हाडांत उतरला. त्यावर डॉक्टरांजवळ उपाय नव्हता, आणि असल्याचे त्यांनी भासवलेही नाही.

घरी तिची खाट यमुताईंनी माजघरात घातली. बैठकीचे दार उघडे ठेवण्याची ताकीद सर्वांना होती. कोरडा खोकला शेवटपर्यंत राहिला. बाहेर कोणी आलेले असले आणि आतून उबळ ऐकू आली, की यमुताई बोलता बोलता थांबत. पाहुणे चुळबुळत, दाराकडे पाहत. कोणी दार लोटायला उठलेच, तर यमुताई हाताने बसवीत. खोकला संपला की त्या आपले वाक्य जिथे सोडले होते तिथून पुढे नेत.

कार्तिकात, शामलाचे तेरावे होऊन गेल्यावर, यमुताईंची बहीण सुमती भेटीला आली. संत्र्यांचा बहर कसा आहे, सुमतीच्या धाकट्याचे लग्न कोठे जमते आहे, अशा गोष्टी निघाल्या. काहीतरी सांगता सांगता यमुताई थांबल्या. दाराकडे कान करून त्या तशाच बसून राहिल्या.

सुमतीने बराच वेळ वाट पाहिली. वाक्य अर्धेच राहिले होते.