गाडी आली की गोळी

बोरदरीच्या किशनरावांच्या घरात घड्याळ होतं, पण ते निजाम गेला त्याच साली बंद पडलं होतं आणि दुरुस्त करायची घाई त्यानंतर पंचवीस वर्षांत कुणाला झाली नव्हती. भिंतीवर असलं की घराला शोभा येते, एवढंच त्याचं काम. वेळ सांगायला सूर्य होता, कोंबडा होता, आणि कमलबाईंची चूल तर होतीच. यात कधी काही अडलं नाही. अडलं ते किशनरावांचं काळीज अडखळायला लागलं तेव्हा.

बाळापूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तपासून एक बारीक पांढरी गोळी लिहून दिली. सकाळी एक, संध्याकाळी एक. आणि बोरदरीच्या नर्सबाईंना, म्हणजे आशाबाईंना, बाजूला घेऊन बजावलं, "ही गोळी चुकली तर म्हाताऱ्याला धाप लागेल. पण जास्त झाली तर त्याहून वाईट. आधी मळमळेल, मग डोळ्यांपुढं सगळं पिवळं दिसायला लागेल, आणि ठोके मंदावत मंदावत थांबतीलसुद्धा. लक्ष ठेवा."

आशाबाईंना लक्ष ठेव म्हणून सांगायची गरज नव्हती. आखाडा बाळापूरच्या बौद्धवाड्यातली ही पोरगी, बापानं रोजंदारी करून शिकवलेली. अंगानं काडी, पण जीभ अशी की डोळे वटारून बोलायला लागली की पैलवानसुद्धा सुईला दंड पुढं करायचा. तिचा एकच अभिमान होता. औषध देणं सोपं, सांगणं अवघड, आणि सांगावं ते आपणच. "समजलं का?" असं ती कधीच विचारायची नाही, कारण समजलं असं सगळेच म्हणतात. ती म्हणायची, "आता तुम्ही मला सांगा," आणि पेशंटनं न अडखळता सांगितल्याशिवाय पुडी हातात द्यायची नाही.

किशनराव मात्र तिला पुरून उरले. "सकाळ-संध्याकाळ एक," असं त्यांनी पाठ म्हणून दाखवलं आणि चौथ्याच दिवशी घोळ घातला. दुपारी जेवून जे आडवे झाले ते दिवस कलताना उठले, त्यांना वाटलं उजाडलं, घेतली गोळी. मग खरीच संध्याकाळ झाली, घेतली आणखी एक. नशीब, त्या एका जास्तीच्या गोळीनं नुसती ओकारी झाली.

तेव्हा आशाबाईंना ती नामी युक्ती सुचली. बोरदरीला दिवसातून दोनदा एसटी यायची, सकाळी सातला आणि संध्याकाळी सहाला. गावच्या वळणावर रस्त्यात हमखास गुरं बसलेली असायची, त्यामुळे ड्रायव्हर असा लांबलचक हॉर्न वाजवायचा की बहिऱ्यालाही कळावं. किशनरावांच्या ओसरीवर उभ्या राहून त्या म्हणाल्या, "किशनराव, आता सूर्याकडं बघायचं न्हाई, कोंबड्याकडं बघायचं न्हाई. गाडी आली की गोळी. सांगा बरं मला."

"गाडी आली की गोळी," किशनराव म्हणाले. एवढं सोपं काम सरकारी माणसानं आपल्याला आजवर सांगितलं नव्हतं, असा त्यांचा चेहरा झाला.

सहा महिने सगळं सुरळीत चाललं. हॉर्न वाजला की ओसरीवरून हुकूम सुटायचा, "आण गं गोळी!" आणि कमलबाई आतल्या कोनाड्यातल्या डबीतून गोळी आणि पाण्याचा तांब्या घेऊन यायच्या. किशनराव बघायचेही नाहीत. हात पुढं, गोळी तोंडात, वर पाणी. धाप गेली, पायाची सूज उतरली. डॉक्टरांनी आशाबाईंची पाठ थोपटली. आशाबाई आठवड्यातून एकदा यायच्या, ओसरीच्या कडेला बसायच्या, नाडी बघायच्या, पाठ म्हणून घ्यायच्या आणि जायच्या. ओसरीच्या आत त्यांना कुणी बोलावलं नव्हतं आणि त्याही गेल्या नव्हत्या. नर्सबाई असली तरी कुठल्या वाड्यातली आहे हे किशनरावांचा उंबरा विसरत नव्हता. आशाबाईंना ते बोचायचं. पण आपलं काम नाडीशी, असं त्या मनाला समजावायच्या. कमलबाई दाराआड कधी लसूण सोलत, कधी तांदूळ निवडत बसलेल्या असायच्या. त्यांचा पदर तेवढा दिसायचा.

मग महाशिवरात्र आली.

आदल्या दिवशी आशाबाई डोंगरकड्याला एका बाळंतपणाला गेल्या होत्या. बाळंतपणाला सणवार नसतो. सकाळी पोरगं झालं, रडलं, आशाबाईंनी हातपाय धुतले आणि स्टँडवर चहा पीत उभ्या राहिल्या. साडेनऊ झाले असतील. तेवढ्यात एक एसटी धुरळा उडवत गेली. आत, बाहेर, टपावर माणसं. "बम बम भोले!"

"ही कुठली गाडी?" त्यांनी चहावाल्याला विचारलं.

"औंढ्याची जादा. नागनाथाच्या जत्रेला. यंदा बोरदरीवरनं सोडून राहिले. सकाळधरनं पाच गेल्या की."

आशाबाईंनी बोटं मोजली.

पाच गेल्या. म्हणजे वळणावर पाच हॉर्न. म्हणजे नेहमीची एक धरून सहा गाड्या. म्हणजे... आणि किशनराव असा माणूस की शब्दन् शब्द पाळणार. मी काय सांगितलं होतं? गाडी आली की गोळी. कुठली गाडी, ते सांगितलं नव्हतं. दिवसाला दोनच्या वर नको, हे पहिल्या दिवशी एकदा बोलले होते, पण पाठ म्हणून घेतलं का? नाही! करायला गेले एक आणि झालं भलतंच! कप तसाच ठेवून त्या रस्त्यावर धावल्या. माणूस मरणार होता, आणि आपल्या हातानं, आपल्या हुशारीनं मरणार होता.

बोरदरी तीन कोस. चालत गेलं तर दुपार होणार. बैलगाडी मिळेना. सायकलवाला म्हणाला, पंक्चर आहे. तेवढ्यात सहावी जादा गाडी आली. आशाबाई हात करून आत घुसल्या आणि गाडी निघाल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की आपण ज्या गाडीनं किशनरावांना वाचवायला निघालोय तीच गाडी त्यांची सातवी गोळी आहे.

माणसांमधून वाट काढत त्या ड्रायव्हरपाशी गेल्या. हिरासिंग नावाचा तो मिशाळ माणूस.

"भाऊ, बोरदरीच्या वळणावर हॉर्न वाजवू नका."

"काहून?"

"वाजवला तर एक माणूस मरंल."

"आन न्हाई वाजवला तर चार म्हशी मरतील," हिरासिंग म्हणाला. "म्हशी रस्त्यातच बसून राहतात बाई. हॉर्नबिगर हलत न्हाईत."

आशाबाईंनी सगळी हकिकत सांगितली. गाडीतली माणसं माना वळवून ऐकू लागली. टपावरचे भोलेसुद्धा गप्प. मग एका म्हातारीनं विचारलं, "आन एवढ्या गोळ्या घेऊन म्हातारा जिता हाय का अजून?" तशी सगळ्यांनी तिला दटावलं.

हिरासिंगनं वळणाच्या अलीकडं, आंब्याखाली गाडी उभी केली आणि बिडी काढली. "पळा बाई. बिडी संपंस्तोवर थांबतो. त्याच्या फुडं नागनाथाची मर्जी."

आशाबाई पळाल्या. बॅग एका हातात, साडीच्या निऱ्या दुसऱ्या हातात, चप्पल कुठं राहिली पत्ता नाही. म्हशी खरंच रस्त्यात बसल्या होत्या. त्यांना वळसा घालून त्या किशनरावांच्या अंगणाच्या कोपऱ्यावर पोचल्या, आणि त्याच क्षणी हॉर्न वाजला. हिरासिंगचा नव्हे. समोरून, औंढ्याकडून, जत्रेची माणसं सोडून परत येणाऱ्या रिकाम्या गाडीचा.

"आण गं गोळी!" ओसरीवरून हुकूम सुटला.

"थांबा! किशनराव, थांबा! गिळू नका!"

किशनरावांनी आवाज ऐकला. हात मात्र तोवर तोंडापर्यंत गेला होता आणि पाण्याचा घोटही. शांतपणे मिशा पुसून ते म्हणाले, "या बाई. काहून ओरडून राहिल्या?"

"कितवी? ही कितवी?"

"सातवी. आज गाड्या लई. पन आमी एक चुकू दिली न्हाई." आणि छाती पुढं काढून त्यांनी पाठ म्हटला, "गाडी आली की गोळी."

आशाबाईंनी त्यांचं मनगट धरलं. स्वतःचेच ठोके कानात एवढ्यानं वाजत होते की त्यांचे ऐकू येईनात. "मळमळतंय का?"

"न्हाई."

"पिवळं दिसतंय का?"

किशनरावांनी समोर नजर टाकली. नीट पाहिलं. "व्हय," ते म्हणाले. "सगळं पिवळं दिसून राहिलंय."

आशाबाईंनी बॅग उघडली, परत मिटली. झालं! आता बाळापूरला न्यायचं कशानं? गाडीनं? मोटार मागवावी तर कुठून? डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पाण्यातून त्यांनीही समोर पाहिलं. अंगणभर, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, शिजवलेली हळद वाळत पडली होती. पिवळीजर्द. अंगणात हळद, पायरीवर हळद, कुत्र्याच्या पाठीवरसुद्धा हळद.

त्यांनी डोळे पुसले, मनगटावरचं घड्याळ समोर धरलं आणि पुन्हा नाडी मोजली. पूर्ण मिनिट मोजली. बहात्तर. मग दुसऱ्या हाताची मोजली. बहात्तर. सात गोळ्या पोटात असलेल्या माणसाचे हे ठोके नव्हेत. हे तर नुकतंच लग्न ठरलेल्या माणसाचे ठोके होते.

दाराआड कुणीतरी खुदकन हसलं.

"कमलबाई?" आशाबाई म्हणाल्या.

पदर हलला. कमलबाई बाहेर आल्या, नवऱ्याकडं एकदा पाहिलं आणि आशाबाईंचा हात धरला. "तुमी आत या बाई. हितं सांगता यायचं न्हाई."

किशनरावांनी तोंड उघडलं. पण ज्या हातानं आत्ताच दोनदा नाडी मोजली होती तोच हात बायको धरून नेत होती, त्याला काय म्हणावं ते सुचेना. त्यांनी तोंड मिटलं. सहा महिन्यांत पहिल्यांदा आशाबाईंनी तो उंबरा ओलांडला.

आत कोनाड्यात गोळ्यांची डबी होती. तिच्या शेजारी वाटीत साबुदाणा.

"सकाळच्या गाडीला खरी दिली," कमलबाई हळूच म्हणाल्या. "मग दुसरा हॉर्न वाजला. मला वाटलं, आता काय? तुमी पैल्या दिशी म्हनल्या होत्या, काय बी झालं तरी दिसाला दोनच्या वर न्हाई. यांना सांगाया गेले तर म्हंतात, बाईनं गाडी सांगितली, तुला काय कळतं? भांडून यांच्या काळजाला तकलीफ कशाला? उपासाला साबुदाना काढलाच होता. निवडून टपोरा दाना दिला. हे कुठं बघतात! सा गाड्या, सा दाने."

आशाबाईंना हसावं की रडावं कळेना, म्हणून त्यांनी दोन्ही केलं. मग डोळे पुसले. "कमलबाई, आणखी काय काय आठवतं तुम्हाला?"

आणि कमलबाईंनी चुलीपुढं बसून सगळं सांगितलं. मळमळलं, जेवण नको झालं, पिवळं दिसलं, तर गोळी बंद करायची आणि नर्सबाईला बोलवायचं. एखादी चुकली तर दुसऱ्या वेळी दोन द्यायच्या नाहीत. दुसऱ्याची गोळी याला नाही, याची दुसऱ्याला नाही. डबी पोरांच्या हाताला लागू द्यायची नाही. आशाबाई विसरलेल्या दोन गोष्टीसुद्धा त्यात होत्या. लसूण सोलता सोलता, दाराआडून ऐकलेल्या.

"मला कधी बोलल्या न्हाईत," आशाबाई म्हणाल्या.

"तुमी मला कधी विचारलं न्हाई," कमलबाई म्हणाल्या. त्यात राग नव्हता. म्हणूनच ते आशाबाईंना लागलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो हाच. सहा महिने त्या घोकून घेत होत्या ते हुकूम सोडणाऱ्याकडून, आणि गोळी देणारा हात दाराआड बसलेला. त्यांना आत कुणी बोलावलं नाही हे खरं, पण त्यांनीही कुणाला बाहेर बोलावलं नव्हतं.

"यांना सांगू नका हां," कमलबाई म्हणाल्या. "उगं इज्जतीचा सवाल करतील."

"सांगावं लागंल," आशाबाई म्हणाल्या. "न्हाईतर सात गोळ्या पचवल्या म्हणून फुडल्या जत्रेला दहा मागतील."

त्यांनी बाहेर येऊन सांगितलं.

"म्हंजी मी सकाळधरनं साबुदाना गिळून राहिलो?"

"उपासाला चालतो," दाराआडून आवाज आला.

किशनरावांच्या मिशा थरथरल्या. राग येणार असं वाटलं, पण आला नाही. "तरीच," ते म्हणाले, "म्हनलं आज भूक कशी लागत न्हाई!"

आशाबाई त्या दिवशी परत गेल्या नाहीत. जीवाला खात्री हवी होती, म्हणून तासातासानं नाडी बघत राहिल्या. मध्ये वळणावर हॉर्न वाजतच होते आणि प्रत्येक हॉर्नला किशनरावांचा हात सवयीनं पुढं यायचा, मग आपला आपण मागं जायचा. गाडीची गोष्ट आशाबाईंनी रद्द केली. आता डबी कमलबाईंची, वेळ कमलबाईंची, आणि पाठ म्हणायचा तोही कमलबाईंनी, ओसरीवर समोर बसून.

दिवस कलला. आशाबाई चुलीपाशी, त्याच घरच्या पितळी कपातून चहा पीत होत्या. वळणावर लांबलचक हॉर्न वाजला. कमलबाई उठल्या नाहीत. ओसरीवरून किशनरावांचा आवाज आला, हुकमाचा नव्हे, विचारण्याचा.

"अगं, ही आपली का?"

कमलबाईंनी कान दिला. दारातून मावळतीकडं पाहिलं. डबी उघडली.

"व्हय," त्या म्हणाल्या, "ही आपली."