पित्तावरचा उतारा

प्रतापरावांच्या लेखी जगात दुखणं एकच: पित्त. रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून सिकंदराबादेतला निम्मा गोतावळा त्यांना फोनवर विचारूनच आमसूल भिजवायचा. रोग रेड्याला नि औषध पखालीला, असं त्यांची बायको सुशीला गालात हसून म्हणायची. पण त्यांच्या हाताला गुण आहे, असं तिलाही वाटायचं.

दिवाळीत तिचं डोकं फुटायला आलं, उलट्या झाल्या, उजवा डोळा लाल झाला, दिव्यांभोवती रंगीत कडी दिसू लागली. तेव्हाही पित्तच ठरलं. प्रतापरावांनी तिच्या कपाळावर सुंठीचा लेप लावला आणि उजेडाचा त्रास नको म्हणून खिडक्यांना चादरी बांधल्या. इतक्या मायेने कुणी कुणाचं नुकसान केलं नसेल. तीन दिवस ते तिच्या उशाशी बसून होते.

पुढे कोठी भागातल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी, प्रतापराव औषधं आणायला गेलेले पाहून, तिला खरं ते सांगितलं. हा काचबिंदू. डोळ्यातलं पाणी बाहेर पडायची वाट एकाएकी बंद झाली, दाब चढला, नस मेली. अंधारात बाहुली मोठी होते, त्याने वाट आणखीच आवळली. ती पहिल्याच दिवशी आली असती तर डोळा बहुतेक वाचला असता. डावा वाचवायला त्यांनी लेझर केलं आणि सख्ख्या बहिणींनाही तपासून घ्यायला सांगितलं.

"यांना सांगू नका," सुशीला म्हणाली. नवऱ्याला तिने सांगितलं, नशिबात होतं. धाकट्या बहिणीला, अपर्णाला, तपासून घे म्हणाली; तिने हसण्यावारी नेलं.

संक्रांतीच्या आदल्या संध्याकाळी अफझलगंजहून अपर्णाचा फोन आला. प्रतापरावांनी तो स्पीकरवर टाकला.

"दाजी, सकाळपासून डोकं फुटायलंय. दोनदा उलटी झाली. बल्बभोवती रंग दिसायलेत."

"पित्तच! अंधार करून पड. सुंठ उगाळ आणि..."

"नको!" सुशीला ओरडली. "अपर्णा, आत्ताच्या आत्ता डोळ्यांच्या दवाखान्यात जा. माझं असंच झालं होतं."

"अक्का, कायको घाबरायलीस? दाजी सांगायलेत ना. तुझं तर नशिबाचं होतं."

"नशिबाचं नव्हतं. तीन दिवस अंधारात पडून राहिले, म्हणून गेला डोळा."

प्रतापराव तिच्याकडे बघत राहिले. "मी अंधार केला म्हणून?"

नाही म्हणावं, असं तिला पोटातून वाटलं. पण फोन चालू होता, आणि अपर्णा दाजींच्या शब्दाबाहेर जाणारी नव्हती.

"हौ," ती म्हणाली.

प्रतापरावांनी फोन तोंडाजवळ नेला. "अपर्णा, ऑटो बोलाव. लगेच नीघ. आणि यापुढे मला काही विचारू नकोस."

फोन ठेवून ते सुशीलाच्या उजव्या बाजूला, तिला दिसणार नाही असे, येऊन बसले. मान वळवली असती तर ते रडताना दिसले असते. तिने वळवली नाही, नुसता हात पुढे केला. तो त्यांनी धरला नाही.