वहीतली कडी

ही चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. तेव्हा दर गुरुवारी संध्याकाळी अर्धं शहर शेजाऱ्यांच्या टीव्हीवर एक विनोदी मालिका बघत बसायचं. विमा कचेरीत नोकरी करणारी, एकटी राहणारी मुलगी तिची नायिका. लिहिणारे मात्र तिघे पुरुष. तिघांनाही घरी गरम ताट हातात मिळायचं, आणि एकटी बाई कशी राहते हे जगाला सांगायचा मक्ता त्यांनी घेतलेला. पहिल्या वर्षी त्यांची नायिका निदान फायली तरी उघडायची. तिसऱ्या वर्षी ती नुसती उशीत तोंड खुपसून रडायला लागली.

त्या स्टुडिओत एका बाईला सगळे टाचणी म्हणत. कप उजव्या हातात होता की डाव्या, दार उघडं होतं की बंद, हे वहीत टिपायचं तिचं काम, म्हणजे पुढच्या दृश्यात चूक होत नाही. झालीच, तर ती टोचून दाखवायची. चौतिशीची, बिनलग्नाची, भाड्याच्या एका खोलीत राहणारी. करार दरवर्षी नवा व्हायचा. तो झाला नाही तर थोरल्या भावाकडे जायचं, आणि तिथे वहिनी फुकटच्या मोलकरणीची वाटच बघत होती.

शेवटच्या भागात नायिकेला उजवून टाकायचं, असं त्रिकुटाने ठरवलं. रविवारी सकाळी ती न्हाऊन केस पुसत असते, ऑफिसातला साहेब दार ढकलून सरळ आत येतो, लग्नाचं विचारतो, ती लाजून हो म्हणते. टाचणीने विचारलं, एकटी बाई न्हायला जाताना दाराला कडी लावणार नाही का?

दिग्दर्शक हसला. "कडी लावली तर तो आत येणार कसा?"

"दार वाजवेल. तिला वाटलं तर ती उघडेल."

लेखकांपैकी एकजण म्हणाला, "हिचं दार कोणी वाजवत नाही, म्हणून कडीची हौस." दिग्दर्शकाने तिला कपबशा सांभाळायला सांगितलं, आणि करार अजून सहीविना टेबलावर पडलाय, याची आठवणही करून दिली.

पण स्टुडिओत एक नियम होता: वहीत आहे ते खरं. कोणी सारखं विचारायला येऊ नये म्हणून दिग्दर्शकानेच तो केलेला. वही तो स्वतः कधी उघडून बघत नसे. टाचणीने दुपारभर विचार केला. वहिनीच्या मोरीतला भांड्यांचा ढीग डोळ्यांपुढे आला, तरी तिने लिहिलं: दाराला आतून कडी, लावलेली.

सुतारमामांनी ते चष्म्यावरून वाचलं. "खोटी लावू का खरी?"

"खरीच लावा, मामा."

नटीनेही वाचलं आणि कडी एकदा लावून बघितली.

चित्रण प्रेक्षकांसमोर व्हायचं. तीनशे माणसं बाकांवर बसलेली. नटीने कडी लावली. साहेबाने दार ढकललं. सेटची भिंत हलली, दार हललं नाही. त्याने खांदा लावला. लोक खो खो हसले, तीन वर्षांत पहिल्यांदाच त्याला. शेवटी बिचाऱ्याने दार वाजवलं.

"कोण आहे?"

"मी... साहेब."

नटी केस पुसत राहिली. "ऑफिसचं काम सोमवारी, ऑफिसात."

बाकांवरच्या बायकांनी उभ्या राहून टाळ्या वाजवल्या. दुसऱ्याच दिवशी भाग दाखवायचा होता, नवे प्रेक्षक आणायला वेळ नव्हता. तसाच गेला.

टाचणीचा करार झाला नाही. ती भावाकडेही गेली नाही. दोन महिने शेंगदाण्यांवर काढून न्यायालयात टंकलेखिका झाली आणि तिथूनच निवृत्त झाली. ती कल्पना आपलीच, असं दिग्दर्शक तीस वर्षं मुलाखतींतून सांगत राहिला. शेवटी शेवटी त्याला ते खरंही वाटायला लागलं. त्रिकुटाने नायिकेला पश्चात्ताप होतो अशी नवी मालिका काढली, ती चार भागांत आटोपली. नटीला चाळिशी गाठायच्या आतच आजीच्या भूमिका मिळू लागल्या. सुतारमामांची लेक पुढे त्याच स्टुडिओत प्रकाशयोजना करू लागली.

टाचणी आता चौऱ्याऐंशीची आहे. हल्लीच्या मालिकांतली एकटी बाई कंपनीची मालकीण असते, उंच टाचा घालून घरात फिरते, आणि काम करताना कधी दिसत नाही. भाची म्हणते, बघ आत्या, काळ किती बदलला. टाचणी नावांची पाटी येईपर्यंत थांबते, लेखकांची नावं वाचते, सगळी पुरुषांचीच, आणि बातम्या लाव म्हणते.