धुऱ्यावरचा बंध

नात खुशी भिंत सोडून पहिल्यांदा चालली त्या साली, म्हणजे दोन हजार तेवीसच्या आषाढात, गोदाबाई ओसरीतल्या खाटेवर बसून डाव्या पायातला घट्ट मोजा खाली ओढत होती. मोजा पोटरीवर अडला होता. तिनं दोन्ही अंगठे आत घालून तो टाचेपर्यंत आणला, झटकला आणि खाटेच्या माचव्यावर टाकला.

सून श्रुतिका खुशीला कडेवर घेऊन दारात उभी होती.

"आत्याबाई, मोजा काहून काढला?"

"चिखलात मोजा घालून उतरू का वं? रोवणीवाल्या बाया हासतीन मले."

"हसू द्या. डॉक्टरनं मना केलं ना उभं राहायले."

"पहिली जुडी लावली का झालं. मंग धुऱ्यावरच बसून राहीन, तुह्या पोरीले घेऊन."

रोवणीला, म्हणजे भातलावणीला, घरच्या मोठ्या बाईनं बांधीच्या, भाताच्या वाफ्याच्या, उगवतीच्या कोपऱ्यात धानाच्या रोपांची पहिली जुडी लावायची, हळदकुंकू वाहायचं, मग बाकीच्या बायांनी पाण्यात उतरायचं, हे बालाघाट जिल्ह्यातल्या लामत्याच्या बाजूच्या त्या गावात सगळ्या घरांत होतं. बालाघाट शहरात वाढलेल्या श्रुतिकालाही आता ते माहीत झालं होतं. तिची नजर सासूच्या पायावर होती.

गुडघ्याच्या मागून निघालेली जाड निळी शीर वळणं घेत पोटरीवरून घोट्याकडे आली होती. गुडघ्याच्या वर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक जांभळ्या रेषा होत्या. मागच्या पंधरवड्यात बालाघाटच्या डॉक्टरांनी पाय पाहिला तेव्हा त्या रेषांकडे त्यांनी लक्षच दिलं नव्हतं. त्या नुसत्या दिसतात, म्हणाले, काही करत नाहीत. त्यांचं बोट घोट्याच्या आतल्या बाजूला थांबलं होतं. तिथं कातडी काळी पडून कागदासारखी पातळ झाली होती आणि त्या काळ्यात मसुराच्या दाण्याएवढा एक निळा फुगवटा होता.

डॉक्टर नागपूरकडचे होते. मराठीत बोलले म्हणून गोदाबाईनं सगळं नीट ऐकून घेतलं होतं. मोज्यानं फक्त सूज आवरेल. मोठी शीर लेझरनं आतून बंद करता येईल, पाय बधिर करून, जागेपणीच. लहान शिरांमध्ये फेसाचं औषध टोचता येईल. पूर्वी चिरा देऊन शीर ओढून काढत, ते आता सहसा करावं लागत नाही.

"शीरच बंद केली तं रगत जाईन कुठून?" गोदाबाईनं विचारलं होतं.

"दुसऱ्या शिरा आहेत ना. ही तशीही काम करत नाही, नुसतं रक्त साठवते."

"मंग रोवणी होऊन जाऊ द्या."

डॉक्टरांनी मान हलवली होती. मात्र निघताना त्यांनी श्रुतिकाला थांबवलं. हा फुगवटा फुटला तर लगेच आडवं झोपवायचं, म्हणाले. पाय छातीपेक्षा वर उचलायचा आणि जिथून रक्त येतंय तिथंच बोटानं दाबून धरायचं. आणि घाबरायचं नाही.

शेवटचं तेवढं श्रुतिकाला जमलं नव्हतं. त्या दिवसापासून सासू पाणी भरायला उठली, चुलीपाशी वाकली, की तिची नजर आधी घोट्यावर जायची.

बांधीत गुडघ्याखाली पाणी होतं. गोदाबाईनं जुडी कपाळाला लावली, सोडली, पऱ्हे, म्हणजे ती कोवळी रोपं, चिमटीत धरून चिखलात रोवली आणि हळदकुंकू पाण्यावर सोडलं. मागे ओळीनं उभ्या असलेल्या बाया उतरल्या. त्यांच्यात पुढे दुर्गाबाई होती, गोदाबाईच्याच वयाची, शेजारची.

"झाली पूजा. निघा आता मालकीणबाई. तुमचे पाय पाहून पऱ्हे उगवाचे नाईत."

"तुहे दात पाहून उगवतेत, तं माह्या पायानं का होते?"

बाया हसल्या. गोदाबाई निघाली नाही. कोपऱ्यातून सुरू केलेली पात अर्धी सोडायला तिचा हात तयार नव्हता. वाकून रोपं लावत ती मागे सरकत राहिली. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, खुशीला घेऊन उभ्या असलेल्या श्रुतिकानं एकदा हाक मारली, दुसऱ्यांदा मारली.

"एवढी पात होऊ दे वं."

तिसऱ्या हाकेला ओ आली नाही. ओरडली ती दुर्गाबाई.

"गोदे, पाणी लाल काहून झालं?"

गोदाबाईनं खाली पाहिलं. तिच्या पायाभोवतीचं गढूळ पाणी तांबडं होतं आणि तांबडेपणा पसरत होता. तिनं पाय वर काढला. घोट्यावरून रक्ताची धार लागली होती.

"साप! साप चावला!" कोणीतरी म्हणालं. हातातल्या जुड्या टाकून बाया चिखलातून धुऱ्याकडे पळाल्या. दुर्गाबाईनं आणि आणखी एकीनं गोदाबाईला बगलेत धरून ओढत आणलं आणि धुऱ्याच्या काठावर, पाय खाली सोडून बसवलं.

गोदाबाईचा नवरा प्रेमलाल पलीकडच्या बांधीत फावड्यानं पाण्याची वाट काढत होता. तो धावत आला. गावात कुणाला साप चावला की बंध मारायला प्रेमलाललाच बोलावत. विष चढू न देण्यासाठी पाय कुठं आणि किती आवळायचा, ते त्याच्या हाताला माहीत होतं. त्यानं खांद्यावरचा गमछा काढून पिळला, गुडघ्याच्या खाली दोन वेढे दिले, तोंडानं एक टोक धरून गाठ मारली आणि गाठीत काडी घालून पिरगळली.

"दिसला कोणाले?"

कोणालाच दिसला नव्हता.

"हेमराज, भैयालालची जीप आण. जा!"

नाल्यापलीकडे ट्रॅक्टरवर असलेला त्यांचा मुलगा, श्रुतिकाचा नवरा, ओरडा ऐकून आलाच होता. तो तसाच गावाकडे पळाला.

"झोपू देऊ नोका तिले. पाय वर नाई घेवाचा," प्रेमलाल म्हणाला. कोणीतरी कडुनिंबाचा डहाळा आणला. त्यानं पानं चुरगळून बायकोच्या तोंडात घातली.

"चाव. कडू लागते का?"

गोदाबाईनं चावलं. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"सांग ना. कडू लागते?"

"काही समजूनच नाई राह्यलं."

बायांच्यात कुजबुज झाली. ज्याला विष भिनलं त्याला कडुनिंब कडू लागत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. दुर्गाबाईनं तोंडाला पदर लावला.

श्रुतिकानं खुशीला एका बाईच्या हातात दिलं आणि गुडघ्यावर बसली. ओंजळीनं पाणी घेऊन तिनं घोटा धुतला. क्षणभर कातडी दिसली. काळा डाग दिसला. मसुराचा दाणा होता तिथं एक भोक होतं, एकच. मग रक्तानं पुन्हा सगळं झाकून टाकलं. गमछ्याच्या खालची शीर दोरासारखी फुगली होती. मघाशी धार ओघळत होती. आता ती उडत होती.

"आत्याबाई, दुखते का?"

"नाई वं. काहीच नाई दुखत."

"मामाजी, हा साप नाई. शीर फुटली. डॉक्टरनं सांगितलं होतं..."

"मण्यार चावली तं दुखत नाई," प्रेमलाल म्हणाला. "अन् दिसतही नाई. तुले का मालूम?"

खरंच तिला मालूम नव्हतं. मण्यार असेल तर? मग पाय वर उचलणं म्हणजे आपल्या हातानं विष छातीत नेणं. आणि शीर असेल तर हे सगळे मिळून बाईचं रक्त काढून घेत होते. जीप यायला वेळ होता. धुऱ्याची माती काळपट झाली होती आणि गोदाबाईची मान एका बाजूला कलायला लागली होती. दुर्गाबाई तिच्या गालावर चापट्या मारत होती. "जागी राय गोदे, जागी राय."

श्रुतिकानं काडीला हात घातला.

"हात नोको लावू!"

"मामाजी, मले सोडू द्या."

"मरन ते! पोरी, मरन ते!"

त्यानं तिचं मनगट धरलं. सासऱ्यानं सुनेला हात लावल्याचं त्या घरात कधी झालं नव्हतं. तिच्या डोक्यावरचा पदर खाली पडला होता, तो तिनं घेतला नाही. ती त्याच्याकडे बघत राहिली. काय दिसलं कोण जाणे, त्याची बोटं सैल झाली.

तिनं काडी उलटी फिरवली, गाठ दातानं सोडवली. सासूला खांद्याला धरून मागे चिखलात आडवं केलं. बाया ओरडल्या. श्रुतिकानं तो चिखलानं माखलेला पाय उचलून आपल्या खांद्यावर घेतला, पदराचा बोळा भोकावर ठेवला आणि त्यावर दोन्ही अंगठे रोवले.

"आता काही झालं तं तुह्या माथ्यावर आहे बाई," एकजण म्हणाली.

"हौ," श्रुतिका म्हणाली. अंगठे तिनं हलवले नाहीत.

खुशी रडत होती तेवढाच आवाज होता. श्रुतिका सासूच्या पापण्यांकडे पाहत होती. मण्यारीच्या विषानं पापण्या जड होतात, असं तिनं कुठंतरी ऐकलं होतं. गोदाबाईच्या पापण्या मिटल्या, उघडल्या, मिटल्या. प्रत्येक वेळी त्या उघडेपर्यंत श्रुतिकाचा श्वास थांबत होता. अंगठ्यांखालचा बोळा ओला होता. पण तो आणखी ओला होत नव्हता. हे तिच्या ध्यानात यायला बराच वेळ गेला.

गोदाबाईनं तोंड वाकडं केलं आणि बाजूला थुंकली.

"छी. किती कडू पाला दिला मेला."

दुर्गाबाई एकदम रडायला लागली.

जीपमध्ये मागच्या बाकावर गोदाबाई आडवी होती आणि तिचा पाय श्रुतिकाच्या खांद्यावर होता. प्रेमलाल पुढे भैयालालशेजारी बसला. बालाघाट येईपर्यंत त्यानं मागे वळून पाहिलं नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी भोकाला टाका घातला, पट्टी बांधली, सलाईन लावलं. सापाचीही शंका काढून टाकू म्हणून संध्याकाळपर्यंत पलंगावर ठेवून घेतलं, दोनदा रक्त तपासलं, पापण्यांवर आणि श्वासावर लक्ष ठेवलं. विष नव्हतं.

"आता रोवणी वगैरे नाही," डॉक्टर म्हणाले. "ही मोठी शीर लेझरनं बंद करू. घोट्याजवळच्या शिरांना फेसाचं इंजेक्शन देऊ. तुमच्या माहेरी कोणाला होतं का असं? आईला?"

"मायले नव्हतं," गोदाबाई म्हणाली.

"माह्या मायले होतं," प्रेमलाल कोपऱ्यातून म्हणाला.

डॉक्टर हसले. "बाबा, सासूकडून सुनेला नाही येत. तुमचे पाय दाखवा पाहिजे तर." मग त्यांना गोदाबाईच्या गुडघ्याखालचा वळ दिसला. निळा, दोरखंडासारखा. "हे कोणी बांधलं?"

"म्या."

"साप असला तरी असं आवळून बांधायचं नसतं. आणि शीर फुटली असेल तर वर बंध आणि पाय खाली म्हणजे नळ उघडा ठेवल्यासारखंच. सुनेनं सोडलं म्हणून वाचल्या."

प्रेमलालनं मान हलवली. मग विचारलं, "साहेब, अशानं जाते माणूस?"

"जातं ना."

"अन् दुखत नाई?"

"नाही. बऱ्याचदा समजतही नाही. झोप आल्यासारखं होतं."

प्रेमलाल उठून बाहेर गेला.

श्रुतिका चहा घेऊन आली तेव्हा तो व्हरांड्यातल्या बाकावर बसला होता. तिनं आता डोक्यावर पदर घेतला होता, रक्तानं कडक झालेला. चहाचा कप तिनं त्याच्याजवळ बाकावर ठेवला आणि थोडं अंतर सोडून उभी राहिली.

"मामाजी, चहा."

"खुशी कोणाजवळ आहे?"

"दुर्गाबाईजवळ. फोन आलता. जेवली म्हणे."

त्यानं कप उचलला, पण प्यायला नाही.

"माह्या मायच्या पायावर अशाच शिरा होत्या. निळ्या. आमी पोट्टे बोटानं दाबून पाहो. हासे ते."

श्रुतिका एक पाऊल जवळ आली.

"रोवणीतच झालं. पाणी लाल झालं. दुखत नाई म्हणे. झोप येते म्हणे, तं आमी झोपू देल्ली नाई."

"त्या साप चावून गेल्या ना?" तिनं हळूच विचारलं.

प्रेमलालनं कप पुन्हा बाकावर ठेवला.

"बंध मारनं म्या तवाच शिकलो. बाबानं हात धरून शिकवलं. आवळ म्हणे, अजून आवळ."

आतून गोदाबाईचा आवाज आला. मोजा घरीच राहिला, तो कोणीतरी आणा, असं ती नर्सला सांगत होती. श्रुतिका आत गेली नाही. ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. सासऱ्यासमोर बाकावर बसायची तिची ती पहिलीच वेळ.

प्रेमलालची आई सत्यभामाबाई एकोणीसशे त्र्याहत्तर साली, आषाढात, रोवणीच्या दिवशी दुपारी धुऱ्यावर बसल्या जागी वारली. प्रेमलाल तेव्हा सतरा वर्षांचा होता.