दुआनची पेज

"प्रयोंगदादा! अहो, काय जाळताय?"

कुंपणापलीकडून मुआयची हाक आली तेव्हा प्रयोंग अंगणात पाण्याच्या पंपाचं झाकण उघडून बसला होता. पंप बिघडलेला नव्हता. आत चुलीवर पेज ठेवली होती, ती शिजेपर्यंत हातांना काहीतरी चाळा हवा म्हणून त्यानं तो उघडला होता. पान्हा टाकून तो आत धावला. पेज तळाला पार काळी झाली होती. पातेलं उचलताना बोटं पोळली, ते त्यानं तसंच मोरीत आदळलं.

मग त्याच्या लक्षात आलं. स्वयंपाकघर आणि त्याच्या बायकोची, लामदुआनची, खाट यांच्यामध्ये नुसती एक फळ्यांची भिंत होती. करपलेला वास घरभर होता, मुआयला तिच्या अंगणात आला होता, आणि दुआन खिडकीकडे बघत स्वस्थ पडली होती.

"दुआन, वास नाही आला तुला?"

तिनं उशाशी ठेवलेली पांढरी पाटी ओढली आणि लिहिलं, "कसला?"

हीच बाई पाच आठवड्यांपूर्वीपर्यंत दारात उभी राहून नुसत्या वासावरून सांगायची की मुआयनं मासा उलटायला उशीर केला. गाठ आली म्हणून डॉक्टरांनी तिचा आवाजाचा भाग काढून टाकला. आता ती गळ्याला पाडलेल्या भोकातून श्वास घेत होती. नाकातून हवाच जात नव्हती, तर वास कुठून येणार? डॉक्टरांनी हेही सांगितलं असणार. पण ते बोलत होते तेव्हा प्रयोंग दवाखान्याच्या आवारात फेऱ्या मारत होता.

त्याला एका जागी दहा मिनिटं बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. थायलंडमधल्या सिंगबुरीच्या कालव्यावरच्या पंपघरात त्याची एकतीस वर्षं नोकरी झाली होती. स्वतःच्या लग्नात तो पाहुण्यांना सोडून जनरेटर बघायला गेला होता. मुलगी झाली तेव्हा पंपघरात होता. आई गेली तेव्हा विहाराच्या आवाराला फेऱ्या घालत होता. घरात बोलायचं काम दुआनचं. ती दोघांच्या वाटचं बोलायची, आणि तो तिच्या आवाजातून ये-जा करायचा. आता तो आवाज नव्हता आणि घरात कुठे उभं राहावं हेच त्याला कळत नव्हतं.

मुलगी, जुम, रयोंगला कारखान्यात कामाला होती. रजा संपली म्हणून ती रविवारी परत गेली. जाताना तिनं नर्सचं बोलणं त्याच्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतलं. येत्या सोमवारी विकिरणाचे उपचार सुरू व्हायचे. त्यासाठी आईचं वजन बेचाळीस किलोच्या खाली असून चालणार नाही. आत्ता एक्केचाळीसच्या थोडं वर आहे. पातळ पेज, दिवसातून सहा वेळा, थोडी थोडी.

मुआय बाजारात पेजेची गाडी लावायची. ती रोज सकाळी डबा भरून पाठवत होती. दुआन दोन चमचे घ्यायची, वाटी सरकवायची आणि पाटीवर लिहायची, "चिखल." शिवाय गिळताना खोकला आला की गळ्यातून शेंबडासारखं काहीतरी बाहेर उडायचं. तिला त्याची लाज वाटायची. मुआय भेटायला आली तर ती गळ्याचं फडकं सारखं करून भिंतीकडे तोंड फिरवायची.

पातेलं जळालं त्याच दिवशी प्रयोंग कुंपणापाशी गेला.

"मला शिकव पेज करायला."

"मी पाठवतेय ना रोज!"

"तुझी खात नाही ती."

"मग तुमची खाणारे? या जळक्या पातेल्यातली?" मुआय हसली. मग त्याचं तोंड बघून तिनं हात पुसले आणि कुंपणाच्या फटीतून आत आली. "हे बघा. अख्खा तांदूळ घेतलात तिथंच चुकलात. कणी घ्या. रात्रभर भिजवा, सकाळी चुरा. हाडांचं पाणी करून घ्या, त्यात घोटा. दाणा दिसता कामा नये. खिम्याला लसूण, पांढरी मिरी आणि कोथिंबिरीची मुळं वाटून लावा. तिच्यासाठी खिमा अगदी मऊ हवा, दोनदा कुटा."

"आणि चुलीपाशी किती वेळ लागतो?"

"तास-दीड तास."

"उभं राहून?"

"नाहीतर काय, पंप आहे का, चालू केला आणि गेलं? तळाला लागते ती. हलायचं नाही, दादा."

गुरुवारी सकाळी तो पळी घेऊन पातेल्यासमोर उभा राहिला. पाच मिनिटांत त्याचे पाय वळवळायला लागले. लांब कालव्यावर पंप सुरू झाला, आणि पट्टा शिट्टी मारतोय हे त्याला इतक्या लांबून ऐकू आलं. तो दारापर्यंत गेला, परत आला. दोनदा तसं झालं. तिसऱ्यांदा त्यानं डाव्या हातानं ओट्याची कड धरून ठेवली आणि उजव्या हातानं घोटत राहिला. पेज हळूहळू पांढरी, दाट, एकसारखी झाली. खिम्याच्या गोळ्या सोडल्या, अंडं फेटून घातलं, माशाचं खारं पाणी घातलं, वर तळलेला लसूण टाकला. चव घेतली. बरी होती. खरं तर चांगली होती.

त्यानं वाटी तिच्यापुढे नेली. दुआननं वाटीकडे बघितलंसुद्धा नाही. पाटीवर आधीच लिहून ठेवलं होतं. "नको. सोमवारीही नको. जुमला कळव."

प्रयोंगनं ते वाचलं. वाटी स्टुलावर ठेवली, स्कूटर काढली आणि सरळ पंपघर गाठलं.

"रजेवर ना तुम्ही?" पाळीवरच्या माणसानं विचारलं.

"पट्टा वाजतोय."

"घट्ट केला की मघाशीच."

खरंच, पट्टा गप्प होता. काटे जागेवर होते, पाणी कालव्यात पडत होतं. प्रयोंगनं उगाच एक झडप फिरवून पुन्हा होती तशी केली. इथं त्याच्यावाचून काहीच अडलेलं नव्हतं. तो तसाच मागे फिरला.

घरी वाटीवर साय धरली होती. खुर्चीवर औषधं होती म्हणून तो खाटेजवळ जमिनीवर बसला. काय बोलायचं असतं अशा वेळी, ते त्याला माहीत नव्हतं. चौतीस वर्षांत त्याच्यावर ती पाळीच आली नव्हती. समोर वाटी होती, म्हणून तो वाटीबद्दल बोलायला लागला.

"लसूण एका बाजूला करपलाय. वास येतोय त्याचा."

दुआननं मान वळवली.

"बाकी पेजेचा वास... म्हणजे, गिरणीपाठी कोंडा पडलेला असतो ना, दुपारी ऊन लागलं की कसा येतो, तसा. गोडसर. मग मिरी. ती लगेच नाही येत, मागून येऊन नाकात चढते." तो अडला. पुन्हा वाटीवर वाकला. "आणि ती मुळं. कोथिंबिरीची. तुझ्या हाताला यायचा बघ तो वास. जेवण झाल्यावरसुद्धा असायचा."

ती उशीला टेकून उठून बसली. मग हात पुढे केला. त्यानं चमचा दिला. तिनं एक घास बराच वेळ तोंडात धरला, गिळला आणि पाटी ओढली. "आलं?"

"नाही घातलं. झोंबेल म्हणून नर्स नको म्हणाली."

"भित्रा," तिनं लिहिलं.

"भित्रा तर भित्रा."

एकाएकी तिचे खांदे हलायला लागले, गळ्याच्या भोकातून भसभस हवा यायला लागली. प्रयोंग घाबरून उठला, "काय झालं? अडकलं का?" तिनं हातानंच त्याला खाली बसवलं. ती हसत होती. हसण्याचा आता एवढाच आवाज उरला होता.

अर्धी वाटी संपली.

शुक्रवार, शनिवार, रविवार, दिवसाला सहा वाट्या. कणी संपली की बाजार, हाडं संपली की बाजार. पेज करण्यापेक्षा बोलणंच त्याला जड जात होतं. तोच वास रोज वेगळा कुठून सांगणार? एकदा "छान येतोय" म्हणून त्यानं उरकलं, तर तिनं वाटी परत दिली. मग तो बाजारात पोत्यात हात घालून कणी हुंगायला लागला, मिरी चुरून बघायला लागला. मुआयनं कुंपणावरून विचारलं, "दादा, दिवसभर कुणाशी बोलता हो?" शुक्रवारी दुपारची वाटी मात्र पूर्ण उलटून पडली, दुआनला खोकला आवरला नाही. त्यानं जमीन पुसली आणि पुन्हा कणी चुरायला घेतली.

सोमवारी गाडी करून ते जिल्ह्याच्या दवाखान्यात गेले. वरांड्यातली बाकं भरलेली होती. प्रयोंगच्या काखेत पेजेचा थर्मास होता. दुआन काट्यावर उभी राहिली, नर्सनं आकडा वाचला, खाली वाकून पुन्हा वाचला.

"एक्केचाळीस किलो सातशे. तीनशे ग्रॅम कमी पडतायत, काका."

"चपला घालून करा ना परत."

"चपला घालूनच केलंय." नर्स हळू आवाजात म्हणाली, "वाढलंय, हे चांगलंच आहे. पण डॉक्टर आज नाही घेणार. पुढच्या सोमवारी या. मावशींना विचारा, याल ना?"

प्रयोंगनं विचारलं नाही. तिची पाटी वाचायची त्याला हिंमत झाली नाही. तो वरांड्याच्या टोकापर्यंत चालत गेला, परत आला, पुन्हा गेला. शुक्रवारची ती वाटी सांडली नसती तर. रविवारी झोप लागली आणि एक वाटी चुकली, ती चुकली नसती तर. जिन्यापाशी जाऊन त्यानं कठडा धरला. खाली आवारात लोक चालत होते. त्यांच्यात मिसळून चालत सुटावं असं त्याला फार वाटलं. मग तो वळला.

दुआन बाकावर दोन अनोळखी बायकांच्या मधे बसली होती. तिनं थर्मास स्वतःच उघडला होता आणि झाकणात पेज ओतून मांडीवर धरली होती. गळ्याचं फडकं एका बाजूला सरकलं होतं. समोरच्या बाकावरची माणसं त्या भोकाकडे बघत होती. दुआननं फडकं सारखं केलं नाही. पाटी तिच्या पिशवीतच होती.

तो जवळ आला तसं तिनं झाकण उचलून त्याच्या नाकाखाली धरलं.

प्रयोंग शेजारच्या बाईला "जरा सरकता का" म्हणाला आणि बसला. वाफ तोंडावर आली.

"आज आलं घातलंय," तो म्हणाला. "नर्सला सांगू नकोस. थोडंसंच आहे. ओल्या लाकडाला करवत लावली की येतो ना, तसा वास येतोय. आणि खाली तो कोंड्याचा, नेहमीचा."

शेजारची बाई ऐकत होती, पण त्यानं आवाज खाली आणला नाही. दुआन खात होती. एकदा खोकली, तोंड न फिरवता गळा पुसला आणि पुन्हा चमचा उचलला. झाकण तिनं चमच्यानं खरवडून साफ केलं आणि आणखी पेज ओत म्हणून त्याच्यापुढे धरलं.